खडबडीतपणाची कैफियत



ज्या चित्रकलाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याविषयी आरंभी चार गौरवाचे शब्द बोलण्याचा रिवाज या व्यासपीठावर आहे. परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी ते काम येथे वर्षानुवर्षे इतक्या आत्मीयतेने केलेले आहे की, त्यात भर घालण्याऐवजी ज्या एका गोष्टीचा त्यांना आयुष्यभर ध्यास होता तिच्याविषयीच बोलावे, असे मी ठरविले. ती गोष्ट म्हणजे पृष्ठभागाचा पोत. आकाराविषयी आणि रंगाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पोताचा विचार मात्र कापडाच्या पेठेबाहेर फारसा पडला नाही. आणि म्हणूनच चित्रकार भिंत कशी तयार करतो, पाथरवट दगडावर टाकी कशी चालवितो आणि केशभूषा करणारा माणूस निसरड्या केसांना फुगवटा कसा आणतो, हे तीन धंद्यांतले तीन वेगळे प्रश्न होत, अशी आपली समजूत राहिली आहे. माझे म्हणणे असे की, हा मुळात एकच प्रश्न आहे. पृष्ठभागाला खडबडीतपणा आणला जातो तो प्रथम धर यावा म्हणून. शोभा त्या धराच्या पाठोपाठ येते. आणि जेथे हा क्रम उलटा केला जातो, तेथे पोत खोटा पडतो.

या म्हणण्याचा पहिला साक्षीदार म्हणून मी स्वयंपाकघरातला पाटा उभा करतो. पाटा नित्याच्या वापराने गुळगुळीत झाला की दिसावयास सुरेख दिसतो, पण त्यावर वाटण वाटले जात नाही. खोबरे वरवंट्याखालून निसटते आणि मिरची नुसती चेचली जाते. मग टाकी लावणाऱ्याची वाट पाहावी लागे. तो दारावरून हाळी देत यावयाचा, ओटीवर किंवा अंगणात बसून पाटा दोन पायांत धरावयाचा, आणि छिन्नीच्या टोकाने ठिपक्याशेजारी ठिपका टिपीत सबंध पाटा नवा करून द्यावयाचा. कामचुकार माणूस वाटेल तसे ठोके मारून पैसे मागे. चांगला कारागीर ठिपक्यांच्या ओळी किंचित तिरक्या घेई, दोन ठिपक्यांतले अंतर सारखे राखी, आणि जेथे वरवंट्याचा जोर अधिक पडतो त्या मधल्या भागात टाकी दाट घाली. पहिले वाटण त्यात दगडाची कच उतरते म्हणून टाकून द्यावे लागे, हेही घरोघरच्या बायकांना ठाऊक असे. त्या ओळी पाहण्यास सुंदर होत्या याविषयी वाद नाही. परंतु ते सौंदर्य कोणी मागितले नव्हते, ते कामाच्या नेमकेपणातून आपोआप उतरले होते. विजेच्या मिक्सरने हा धंदा जवळजवळ संपविला, याबद्दल मी अश्रू ढाळणार नाही; पाट्यावर पुरण वाटणाऱ्या बायकांच्या खांद्यांना विचारले तर त्याही ढाळणार नाहीत.

आता याच टाकीला एका फार मोठ्या कामावर पाहू. अजिंठ्याची लेणी ज्या कातळात खोदली तो सह्याद्रीचा कृष्णप्रस्तर. तो कणखर खरा, पण त्याच्या पोटात पोकळ्या आणि भेगा असल्यामुळे त्याला संगमरवराप्रमाणे नितळ करणे दुष्कर. वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, ज्यांनी येथील उत्तरकालीन विहार खोदले, त्यांनी चित्रे काढावयाच्या भिंती गुळगुळीत करण्याचा खटाटोपच केला नाही. छिन्नीचे ओरखडे त्यांनी भिंतीवर तसेच राहू दिले, आणि त्या ओरखड्यांवर मातीचा गिलावा चढविला. त्या मातीत काय काय घातले होते याचा तपशील रसायनशास्त्रज्ञांनी तपासून ठेवलेला आहे : भाताचा तूस, गवताच्या काड्या, वनस्पतींचे तंतू, दगडाची कच. तंतू मातीला चिरा पडू देत नाहीत, तूस तिला हलकी ठेवतो, कच तिला कातळाशी बांधते. त्यावर दुसरा, अधिक बारीक मातीचा थर, आणि त्यावर अंड्याच्या कवचाइतका पातळ पांढरा लेप, मग रंग. पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची जी करुणा पाहून आपण मुग्ध होतो, ती अशा रीतीने तुसाच्या आणि टाकीच्या ओरखड्यांच्या आधारावर उभी आहे. जेथे गिलावा गळून पडला आहे तेथे हा सारा हिशेब उघडा दिसतो, आणि चित्रे पाहून झाल्यावर निदान घटकाभर तरी त्या उघड्या जागा पाहाव्यात, अशी माझी प्रत्येक यात्रेकरूला विनंती असते.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात वाटाड्या दिवा भिंतीच्या बाजूला नेतो आणि मोत्यांची माळ दाखवितो. समोरून पाहता जे नुसते पांढरे ठिपके वाटतात, ते तिरकस उजेडात भिंतीपासून सुटून उठावाने उभे राहतात. कारण चित्रकाराने तेथे पांढरा रंग जाडसर ठेवलेला आहे. प्रेक्षक अशा वेळी चमत्कार पाहिल्याप्रमाणे उद्गार काढतात. मला त्यात चमत्कारापेक्षा काटकसर अधिक दिसते : सबंध देहावर रंग पातळ आणि एकजीव, आणि जाडी फक्त मोत्यांच्या जागी. जाडी सर्वत्र ठेवली असती तर मोती मोती राहिले नसते. पोत हा भोवतालच्या सपाटीच्या जिवावर जगतो, हे त्या अनामिक चित्रकाराला जितके उमगले होते तितके हल्ली सबंध भिंतीभर करणी फिरवून कंगोरे उठविणाऱ्या गृहसजावटकारांना उमगलेले दिसत नाही.

या भिंतींची पुढची हकीकत दुःखद आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह येथील चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांपैकी पुष्कळशा लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. त्या सगळ्या सुरक्षित राहिल्या असत्या तरी त्यांत रेषा आली असती, रंग आला असता. भिंत आली नसती, कारण कॅनव्हासचा पोत त्या मातीचा पोत होऊ शकत नाही. पुढे लेणी निजामसरकारच्या अमलाखाली असताना दरबारने इटालीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना व त्यांच्या सहकाऱ्यास पाचारण करून 1920 ते 1922 या काळात डागडुजीची तजवीज केली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी कातळाला पुन्हा चिकटविला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि चित्रांच्या रक्षणासाठी म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढविले गेले, ते कालांतराने पिवळे पडले, आणि मंद, कोरड्या, मातीच्या पृष्ठभागावर एक परकी चकाकी आली. ते रोगण उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची पुढे कित्येक वर्षे गेली. रक्षण करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. परंतु त्याने रंग वाचविण्यासाठी पोताचा बळी दिला, आणि पोत गेल्यावर रंगही मूळचा राहिला नाही.

आता मी केसांकडे वळतो. शृंगाराच्या दालनात हा वक्ता कशासाठी शिरतो, अशी शंका ज्यांच्या मनात येईल त्यांनी विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातले चित्रसूत्र उघडून पाहावे. त्याच ग्रंथात भिंतीच्या लेपाची कृती आहे : तीन जातींच्या विटांचा चुरा, त्याच्या तृतीयांश माती, गुग्गुळ, मेण, गूळ, बेलाचा गर असे जिन्नस घालून, सारे महिनाभर मुरवून मग लावावयाचे. त्याच ग्रंथात वर्तनेचे, म्हणजे छायेने उठाव आणण्याचे, तीन प्रकार आहेत. एक पानाच्या शिरांप्रमाणे जाणाऱ्या रेषांचा, एक ठिपक्यांचा आणि एक अत्यंत सूक्ष्म रेषांचा. आणि त्याच ग्रंथात केसांचे सहा प्रकार गणले आहेत : मोकळे कुंतल, उजवीकडे वळलेले दक्षिणावर्त, लाटांचे तरंग, सिंहकेसर, आणि त्यांखेरीज भांग पाडलेले व जटांसारखे जुळलेले. भिंत, छाया आणि केस यांना एकाच शास्त्रात बसविणाऱ्या त्या ग्रंथकाराला आपल्यासारखे स्वतंत्र खाते प्रत्येकासाठी उघडावे असे वाटले नाही, कारण काम करणाऱ्याच्या हाताला ही तिन्ही एकाच विद्येची अंगे होती.

या सहा प्रकारांपैकी दक्षिणावर्ताचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. सिद्धार्थाने गृहत्याग करून तलवारीने केस कापले, ते दोन अंगुळे लांबीचे राहून उजवीकडे वळले आणि तसेच जन्मभर राहिले, अशी कथा जातकांच्या प्रास्ताविकात येते. पण शिल्पकारांनी ती कथा सरसकट मानली नाही. गांधारच्या शिल्पकाराने बुद्धाला लाटालाटांचे केस दिले आणि ते माथ्यावर बांधले. कुषाणकालीन मथुरेच्या शिल्पकाराने डोके चक्क नितळ ठेवून माथ्यावर शंखासारखा एकच पीळ बसविला. गुप्तकाळात येऊन ते आखूड, वळलेले, ओळीने मांडलेले कुरळे सर्वमान्य झाले, आणि बुद्धाच्या मूर्तीची ती ओळखच ठरली. माझ्या मते हा विजय पुराणकथेपेक्षा छिन्नीचा अधिक आहे. सारनाथच्या बुद्धाचा चेहरा इतका नितळ, मिटल्या पापण्यांचा आणि मंद छायेचा आहे की, त्याच्यावर उजेड घसरून जातो; त्या उजेडाला वरच्या वळ्यांच्या रांगांत अडकावयास जागा मिळते, आणि त्या अडकण्यामुळेच चेहऱ्याची शांती डोळ्यांना जाणवते. घारापुरीच्या सदाशिवाकडे पाहा. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्या तीन मुखांत मधले मुख जटामुकुटाच्या भारदस्त कोरीवकामाखाली स्तब्ध आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडचे अघोर मुख सर्पांनी गुंतलेले. आणि उजवीकडच्या वामदेवाच्या स्त्रीसदृश मुखाभोवती मऊ कुरळ्या बटा आणि मोत्यांच्या सरी. पाषाण तोच, लेण्याच्या दारातून येणारा अंधुक उजेड तोच. तीन स्वभाव वेगळे झाले ते पुष्कळसे केसांच्या पोतामुळे.

सजीव केसांवर काम करणाऱ्याची अडचण याहून बिकट. केसाच्या बाहेरच्या पदरावर अतिसूक्ष्म खवले असतात, ते कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले आणि त्यांच्या कडा केसाच्या टोकाकडे. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोटे नेली तर केस मऊ लागतो आणि उलट नेली तर अडखळतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे खवले कधी दिसले नाहीत, परंतु त्यांचा गुण त्यांना पुरता ठाऊक होता. नुकत्याच न्हालेल्या केसांचा आंबाडा ठरत नाही, तो सुटून खाली येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, केसांना थोडा तेलकटपणा आणि थोडी धूळ लागली की तोच आंबाडा दिवसभर हलत नाही. पाचपेडी वेणी घालताना पेड ओले करून घेणे, विरळ केसांच्या खोप्यात गंगावन घालून त्याला बैठक देणे, ही सारी धर आणण्याची विद्या. आजच्या पार्लरमध्ये केस मुळाच्या दिशेने उलटे विंचरून जो फुगवटा आणतात त्यातही हेच आहे : उलट्या फणीने खवले उचलले जातात, शेजारच्या केसांच्या खवल्यांत अडकतात, आणि मुळाशी एक गुंता तयार होतो, ज्याच्यावर वरचे केस नीट विंचरून पसरावयाचे. 1960 साली शिकागोच्या मार्गारेट व्हिन्सी हेल्ट यांनी मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची जी उंच केशरचना काढली, आणि त्या दशकातल्या हिंदी चित्रपटांतील नायिकांच्या माथ्यावर जिची नातेवाईक मंडळी आपण वर्षानुवर्षे पाहिली, तिच्या पोटात हाच गुंता होता. बाहेरून तलम, आतून खडबडीत. अजिंठ्याच्या भिंतीची रचना याहून वेगळी नव्हती.

दातेरी कात्रीचेही तसेच. तिच्या एका पात्याला फणीसारख्या खाचा असतात, त्यामुळे चिमटीतले काही केस कापले जातात आणि काही तसेच सुटतात. ही कात्री केस विरळ करण्यासाठी, अशी गिऱ्हाइकाची समजूत. चांगला कारागीर ती वेगळ्या हेतूने चालवितो. आखूड झालेले केस लांब केसांच्या खाली उभे राहतात आणि त्यांना टेकू देतात, म्हणून केस कापल्यावर दाट दिसू लागतात. मात्र तीच कात्री मुळाच्या फार जवळ चालविली तर आठ दिवसांत आखूड केस वरच्या केसांतून काट्यांसारखे डोकावतात, आणि तो माणूस महिनाभर टोपी घालून हिंडतो. उष्णतेने लाटा पाडण्याची युक्ती पॅरिसच्या मार्सेल ग्रातो यांनी 1872 च्या सुमारास, म्हणजे ग्रिफिथ्स अजिंठ्याला निघाले त्याच सुमारास, प्रचारात आणली. ती लाट पाण्याचा स्पर्श होताच विरत असे, कारण उष्णता केसातले फक्त दुबळे बंध हलविते. कार्ल नेसलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये केसाच्या आतले गंधकाचे बळकट बंधच रसायनाने आणि उष्णतेने मोडून पुन्हा जोडण्याची वाट दाखविली, तेव्हा लाट कायमची झाली, आणि तिच्याबरोबर जळलेल्या केसांच्या तक्रारीही आल्या. केसाच्या स्वभावाला धरून केलेला पोत आठ दिवस टिकतो, त्याच्याविरुद्ध केलेला सहा महिने. गिऱ्हाइकाने निवड करावी, पण किंमत आधी विचारून घ्यावी.

आधुनिक चित्रकलेत पोताला जे स्वतंत्र स्थान मिळाले त्याविषयी पुष्कळ बोलता येईल. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत मोहोली-नागी यांनी विद्यार्थ्यांकडून वाळूकागद, तार, लोकर असे नाना स्पर्श एका फळीवर मांडून घेतले, आणि माक्स अर्न्स्ट यांनी 1925 मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली, एवढा निर्देश येथे पुरे. आपल्या माणसांपैकी मात्र एकाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 1924 साली नागपुरास जन्मलेले, गोमंतकीय घराण्यातले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे यांचे मोठे कॅनव्हास दुरून पाहता धुक्यासारखे सपाट दिसतात. जवळ गेल्यावर कळते की, रंगाचे पातळ थर रोलरने आणि सुरीने एकावर एक दिले आहेत, कोठे फाडलेल्या कागदाने रंग उचलून घेतला आहे, कोठे खरवडला आहे, आणि खालचा थर वरच्यातून उजेडासारखा झिरपतो आहे. येथे रंगाची जाडी जवळजवळ नाहीच, तरीही डोळा पृष्ठभागावर ठिकठिकाणी थांबतो. माझ्या सिद्धान्ताला हा अपवाद आहे, असे कोणी म्हणेल. मला तो त्याचा सर्वांत कठोर पुरावा वाटतो : येथे धरावयाचे ते खोबरे नव्हे आणि गिलावाही नव्हे, पाहणाऱ्याची नजर धरावयाची आहे, आणि तिच्यासाठी जेवढे खरवडणे आवश्यक तेवढेच झालेले आहे.

वारल्यांच्या घरातही हेच अगदी निराळ्या वाटेने घडते. कुडाची भिंत, तिच्यावर शेणामातीचा हात, त्यावर गेरू. आणि लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, पालघट देवीचा चौक लिहितात. शेणाचा रवाळपणा पीठ शोषून घेतो, आणि रेषेच्या कडा किंचित तुटक राहतात. ती तुटक कडच त्या चित्राचा प्राण. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदाकापडावर आणली तेव्हा त्या कापडालाही शेणाचा हात देण्याची प्रथा राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उलट बाजारात जी वारली चित्रे चकचकीत पेल्यांवर आणि मोबाइलच्या आवरणांवर छापून मिळतात, त्यांत माणसे तीच, तारपा तोच, त्रिकोण तेच. पण रेष कशालाही चिकटलेली नसते, आणि ते चित्र लिहिलेले न वाटता डकविलेले वाटते.

यावरून मी आजच्या गृहसजावटीच्या बाजारपेठेकडे येतो, आणि तेथे माझा सूर थोडा चढेल त्याबद्दल क्षमा असावी. लाकडाच्या शिरा छापलेले लॅमिनेटचे तक्ते आज घरोघर आहेत. ते स्वस्त आहेत, पुसावयास सोपे आहेत, आणि त्यांपायी जंगलातली झाडे वाचत असतील तर ती आनंदाची गोष्ट आहे. माझी तक्रार त्यांच्या स्वस्ताईबद्दल मुळीच नाही. कपाटाच्या एका दारावरची गाठ शेजारच्या दारावर त्याच उंचीवर, त्याच वळणाने पुन्हा दिसते तेव्हा डोळ्याला फसविले गेल्याची जाणीव होते, आणि त्या जाणिवेने सबंध खोली हलकी पडते. लाकडाची शीर ही झाडाच्या वाढीची नोंद आहे. ती नोंद छापावयाची तर दफ्तरातला एकच कागद शंभर ठिकाणी रुजू केल्यासारखे होते. त्यापेक्षा लॅमिनेटने लॅमिनेटच राहावे, एकरंगी आणि निःसंकोच. काँक्रीटच्या बाबतीत आपल्या गवंड्यांनी हे शहाणपण दाखविलेले आहे : खांबावर गिलावा करावयाचा असेल तर ते आधी छिन्नीच्या टोकाने त्याला टाचे मारतात, आणि करावयाचा नसेल तर साच्याच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर जसेच्या तसे राहू देतात, आणि ते ठसे शोभतात.

चित्रकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थांविषयी एक सूचना करून मी आपली रजा घेतो. आपल्या अभ्यासक्रमांत पोत हा विषय कागदावर पेन्सिलीने चौकोन भरून शिकविला जातो : एका चौकोनात वीट, दुसऱ्यात गवत, तिसऱ्यात पाणी. विद्यार्थी ते चौकोन उत्तम भरतात, आणि आयुष्यात त्यांनी एकही भिंत सारवलेली नसते, दगडावर एकही ठोका मारलेला नसतो, केसाची एकही बट वळवून पाहिलेली नसते. तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती अशी की, पुढील वर्षी या व्यासपीठावर माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला न आणता गिलाव्यावर हात बसलेला एखादा गवंडी आणि कात्रीवर हात बसलेला एखादा केशकर्तनकार यांना पाचारण करावे. भाषणाऐवजी त्यांचे काम श्रोत्यांसमोर करवून घ्यावे, आणि मानधन मात्र वक्त्याला देता तेवढेच द्यावे.